हाजीकाकांचे तीन मूनकेक

११ सप्टेंबर, मंगळवार

बागेच्या फाटकासमोर नवं हॉटेल निघालंय, त्याच्या मालकाशी आज कडाक्याचं भांडण! म्हणे, "बाई, पालक नुसता परतलाय, शाकाहारी आहे. तुमच्या पाहुण्यांना बिनधास्त बसवा." मी दारातूनच मागे फिरले. कढईत डुकराची चरबी होती. "चाखूनसुद्धा बघितलं नाही तुम्ही!" मागून ओरडत होता. चाखायचं कशाला? वास आला ना.

माझं पोट या नाकावर चालतं. शांघायहून बस भरभरून मलेशियाची, इंडोनेशियाची माणसं एका दिवसात सुझौच्या बागा बघायला येतात. पूल, तळी, भोकाभोकांचे खडक — सगळं ठीक. पण त्यांचा खरा प्रश्न एकच असतो. हलीमा, हे खाऊ का? हलीमा म्हणजे मीच. कागदोपत्री शा रुइलान. हलीमा हे नाव आमच्या मशिदीतल्या आहोंगनी, म्हणजे इमामांनी, जन्मल्यावर कानात सांगितलेलं, ते या धंद्यात उपयोगी पडलं. मी मान हलवली की चाळीस माणसं जेवतात. नाही म्हटलं की चाळीस माणसं पाण्यावर.

ड्रायव्हर पेंग म्हणतो, "शाबाई, तुझं नाक विमानतळावर लावा. कुत्र्यांना पेन्शन मिळेल."

नाक तयार झालं सासरी. अकरा वर्षं हान माणसांच्या, बिगरमुसलमान चिन्यांच्या घरात काढली. सासूबाई रोज सकाळी कांद्याची पात चरबीत परतायच्या. माझ्यासाठी वेगळी छोटी काळी कढई होती, खोटं कशाला बोलू. पण वास काही वेगळा ठेवता येत नाही. केसांत, उशीत, वाळत घातलेल्या कपड्यांत. तीन भिंतींपलीकडून कळतो मला. घटस्फोटाला नऊ वर्षं झाली, नवऱ्याचा चेहरा पुसट झाला, तो वास आहे तसाच आहे.

१३ सप्टेंबर, गुरुवार

पाऊस. ट्रिप नाही. उद्या चौतीस जण. मिठाईवाल्या फानआजोबांकडे चार डबे मूनकेक सांगून ठेवलेत. मध्यशरदाचा, पौर्णिमेचा सण जवळ आला, सगळ्यांनाच हवे असतात. इथले पापुद्र्यांचे मूनकेक चरबीशिवाय होतच नाहीत, पण आजोबा माझ्यासाठी वेगळ्या तव्यावर तिळाच्या तेलात करतात. सहा वर्षं. उन्हाळ्यात त्यांचा उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून सून भाजते. आजोबा नुसते खुर्चीत बसून खेकसतात.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

दमले. पण लिहायलाच हवं.

पहिल्या बाकावर एक म्हातारं जोडपं. मलेशियातल्या केलांतानचे. हाजी लोकमान आणि रोकियामावशी. काका म्हणजे नुसती हाडं, वर शर्ट टांगलेला. पोटाचा आजार. मावशी बसमध्येच माझ्या कानाशी लागल्या — "चार दिवस झाले गं, पोटात नुसतं पाणी आहे. डॉक्टर नको म्हणत होता. पण यांनी हट्टच धरला." हट्ट कसला, तर काका शाळामास्तर होते, आणि त्यांच्या वर्गात तीस वर्षं एकच कॅलेंडर होतं. चिनी बागेचं. वर्ष संपलं तरी काढलं नाही. ती बाग आमचीच!

आत शिरल्यावर तळ्याकाठच्या बाकावर बसले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणतात, "पाणी कॅलेंडरात निळं होतं."

"छापणाऱ्यानं शाई जास्त ओतली असेल, काका."

हसले. हसताना खोकले. मी बाकीच्यांना घेऊन खडकांतून फिरून आले तेव्हा तिथेच होते, माशांकडे बघत. मावशी पंख्याने वारा घालत होत्या. ऊन नव्हतंच खरं तर.

जेवायला नेहमीप्रमाणे छिंगहायवाल्यांकडे, पश्चिमेकडून आलेल्या मुसलमानांच्या खाणावळीत. काकांनी नूडल्सची वाटी हातात धरली, वाफ घेतली आणि खाली ठेवली. मालकीणबाईंनी येऊन विचारलं, मीठ कमी आहे का? मग मला टोमणा — "तुम्ही इथल्या लोकांनी काहीतरी गोडधोड चारलं असेल सकाळी. सुझौचे मुसलमान म्हणजे अर्धे हलवाईच!" मी हसून सोडून दिलं. एरवी सोडलं नसतं.

मग जुम्म्याची नमाज. काकांनी खुर्चीवर बसून पढली. बाहेर अंगणात आल्यावर बाकावर आडवेच झाले. मावशींचा बांध फुटला. तोंडाला ओढणी लावून रडायला लागल्या — "एक घास, हो. एक घास घ्या. मी परत एकटी जाऊ का?" माणसं बघायला लागली. धावत बसमध्ये गेले, मूनकेकचा डबा घेऊन आले. त्यांच्यासमोर उघडला.

काका उठून बसले. "हे काय?"

"मूनकेक. आत चिलगोजे आहेत, गुलाबाच्या पाकळ्या."

"हलीमा, खाऊ?"

"खा, काका."

मी मोडून भरवला. पापुद्रे शर्टावर सांडले. चावले, गिळला! मग दुसरा. मग तिसरा! मावशींनी माझं मनगट असं धरलं होतं की अजून वळ आहे. काका म्हणतात कसे, "हिच्या हातचं खाईन. तुझ्या हातचं नको." मावशी रडता रडता चिडल्या — "बेचाळीस वर्षं काय शेजारणीच्या हातचं खाल्लंत?" सगळे हसले. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "आपली मुलगी असती तर अशीच असती." त्यांना चार मुलगे. मुलगी लहानपणीच गेली.

माझ्या हातचं खाल्लं. तीन. पुरते तीन!

बाकीच्यांना डबे वाटले नाहीत. वेळच झाला नाही, सिल्कचं दुकान राहिलं होतं. परत जाताना पेंगला देऊन टाकले. तोंड भरून म्हणाला, "आज फारच खुसखुशीत जमलेत की!"

सर्दी झाल्यासारखं वाटतंय. आल्याचं पाणी घेतलं.

१५ सप्टेंबर, शनिवार

कपडे धुतले. दोनदा.

१७ सप्टेंबर, सोमवार

गुइहुआ फुलली. सगळं शहर घमघमतंय. पिवळी बारीक फुलं फरशीवर पडतात, बायका गोळा करून साखरेत घालतात, मुली झाडाखाली उभ्या राहून फोटो काढतात. जो तो म्हणतोय, काय सुवास! मला नकोसा झालाय. खिडक्या लावून घेतल्या.

उद्याचे डबे आजोबांना नको म्हणून कळवलं. ग्रुप लहान आहे.

१९ सप्टेंबर, बुधवार

बागेत एका बाईने विचारलं, हे खडक असे कुरतडल्यासारखे कशाने झाले? तळ्याच्या पाण्याने, म्हटलं. पाण्यात ठेवून देतात वर्षानुवर्षं. ज्याने ठेवला तो मरतो, मग त्याचा मुलगा काढतो. बाई म्हणाली, किती सुंदर! मला आज ते खडक बघवले नाहीत.

२३ सप्टेंबर, रविवार

रोकियामावशींचा निरोप. फोनवर, आवाजात.

हाजीकाका काल पहाटे गेले.

मी तीनदा ऐकला. मावशी रडत नव्हत्या. म्हणाल्या, "घरी आल्यावर काही गेलंच नाही पोटात. तुझे ते तीन केक — तेच शेवटचं खाणं. पण चवीनं खाल्लं गं! सगळ्यांना सांगत होते, चीनमध्ये एक पोर आहे, तिच्या हातचं गोड लागतं." पुढे म्हणाल्या, "एक काम कर माझं. चाळिसाव्याला माणसं जेवतील, शंभर तरी असतील. त्यांच्या तोंडात तोच केक पडू दे. जावई ऑक्टोबरात शांघायला येणार आहे, त्याच्याकडे दहा डबे दे. तिथलेच हवेत. तेच."

जावई म्हणजे पुतणीचा नवरा.

तेच!

२४ सप्टेंबर, सोमवार

आज मध्यशरद. फानआजोबांकडे रस्त्यावर रांग. मी मागच्या दाराने गेले. सून घामाघूम, तवे धडाधड आदळत होती. मला बघून तोंड पडलं तिचं. मी काही विचारायच्या आतच सुरू — "ताई, चौदा तारखेचं कुणी काही बोललं का? तेलाचे पापुद्रे सुटतच नव्हते हो. दोनदा वाया गेले. सासरे शिव्या घालायला लागले, बाहेर गिऱ्हाईक. मग मी चमचाभर — एकच चमचा, शपथ! — चरबी घातली. मला वाटलं, एवढ्याशाने काय होतंय. आणि तुम्ही तर डबा उघडून वास घेतल्याशिवाय नेतच नाही. डबे परत आले नाहीत, तेव्हा मला वाटलं चालतंय."

आजोबांना हे ठाऊकच नव्हतं. त्यांनी डाव्या हाताने लाटणं फेकलं तिच्या अंगावर. लागलं नाही. "सहा वर्षं!" एवढंच ओरडत होते. "सहा वर्षं!" सून रडायला लागली. बाहेरून लोक ओरडत होते, डाळीचे आहेत का, डाळीचे!

खरं आहे, रोज वास घेऊन नेते. त्या दिवशी डबे पेंगने उचलले होते, मी बसमध्ये माणसं मोजत होते. आणि पुढे, मशिदीच्या अंगणात उघडला तेव्हा — सर्दी होती. नाक पार चोंदलेलं होतं. नाहीतर कळलंच असतं. कुणालाही होते सर्दी.

हाजीकाका. मशिदीच्या अंगणात. जुम्म्याच्या दिवशी. माझ्या हाताने.

२७ सप्टेंबर, गुरुवार

दिंग आहोंगकडे गेले. ते दालनाच्या पायरीवर बसून चष्म्याची काडी दोऱ्याने बांधत होते. सगळं सांगितलं. ते दोऱ्याची गाठ मारतच राहिले.

"ज्याने खाल्लं त्याला माहीत होतं?"

"नाही."

"मग त्याच्या माथी काही नाही. तो सुखानं गेला. आणि तुला? तुला माहीत होतं?"

"सर्दी होती, आहोंग."

वर बघितलं त्यांनी. मग हसले. "तुझ्या नाकालाही कधीतरी रजा लागतेच की! चूक झाली. चुकीला माफी आहे. तौबा कर, आणि त्या बाईला सांग. तिला दुसऱ्याकडून कळायला नको."

एवढं सोपं. मी म्हटलं, सांगायलाच हवं का? आता माणूस गेला. त्या बाईला उगाच आयुष्यभराचा घोर.

"घोर तिला लागेल म्हणून घाबरतेस, की आणखी कशाला?"

चष्मा घातला. काडी पुन्हा निसटली. मी दोरा पुन्हा बांधून दिला आणि उठले.

२९ सप्टेंबर, शनिवार

आज बाबांची फार आठवण येतेय.

बाबा इस्पितळात नऊ दिवस होते. तिथली पेज ते तोंडाला लावेनात — कोण जाणे कशात ढवळली असेल. मी सासरहून रोज बसने सूप घेऊन यायचे. कोंबडी मी स्वतः मशिदीतून आणलेली, त्या काळ्या कढईत शिजवलेली. डबा उघडला की बाबा विचारायचे, "कुठल्या भांड्यातलं?"

"माझ्या वेगळ्या कढईतलं, बाबा. शपथ."

"आणि घासणी? घासणी वेगळी आहे?"

घासणी एकच होती. खोटं बोलता आलं असतं. मी गप्प राहिले तेवढ्यात त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. रागाने नाही. शांतपणे. नवव्या दिवशी गेले. सूप खिडकीत होतं, वर साय धरलेली. हान घरात दिली म्हणून नातेवाईक मला बोलले, बाबा कधी एक अक्षर बोलले नाहीत. फक्त माझ्या हातचं खाल्लं नाही.

पुढच्या आठवड्यात मी नवी घासणी आणली. पिवळी.

४ ऑक्टोबर, गुरुवार

राष्ट्रीय सुट्ट्या. बागेत मुंगी शिरायला जागा नाही. पुलावर माणसं अडकली, मागे जाता येईना न् पुढे. माझा झेंडा हरवला, छत्री उंच धरून ग्रुप बाहेर काढला. पेंग म्हणाला, "शाबाई, तू हल्ली भांडत नाहीस. बरं नाही का?"

६ ऑक्टोबर, शनिवार

विचार करून डोकं उठलं. मार्ग आहे. शांघायमध्ये छिंगहायवाल्यांची एक बेकरी आहे, तिथले मूनकेक तेलाचे असतात. दिसायला तसेच. दहा डबे तिथून घ्यायचे, कागद बदलायचा, जावयाच्या हातात ठेवायचे. शंभर माणसं हलाल खातील. मावशी म्हणतील, हेच ते! हेच यांनी खाल्ले! कुणाला कळणार आहे?

छान आहे मार्ग. म्हणूनच झोप लागत नाही.

१० ऑक्टोबर, बुधवार

सांगितलं. सकाळी, चहा प्यायच्या आत, मन बदलायच्या आत. माझ्या मोडक्या मलयमध्ये. मावशी, ते केक हलाल नव्हते. दुकानात चरबी पडली होती. माझं काम वास घ्यायचं. मला सर्दी होती, मला कळलं नाही. माझी चूक. मला शिव्या द्या.

दिवसभर उत्तर नाही. ट्रिपमध्ये तीनदा फोन बघितला, एकदा तळ्यात पडता पडता वाचला.

११ ऑक्टोबर, गुरुवार

उत्तर आलं. सकाळी नऊला. जसंच्या तसं उतरवून ठेवते.

"पोरी, काल मी फार रडले. मग नमाज पढले. मग ह्यांच्या कपाटासमोर जाऊन ह्यांच्याशी भांडले, तुम्हाला मेलं तेच कसं गोड लागलं! मग हसू आलं. त्यांना माहीत नव्हतं, तुला माहीत नव्हतं. वरच्याला सगळं माहीत आहे, आणि तुझ्या मनात काय होतं तेही त्याला माहीत आहे. तू गप्प बसली असतीस तर मला कळलंही नसतं. तू सांगितलंस! अशी मुलगी कुठे मिळते? चाळिसाव्याचे केक तूच समोर उभी राहून करून घे. तुझ्या नाकावर माझा विश्वास आहे. रडू नको. जेवलीस का?"

जेवलीस का, म्हणे.

१७ ऑक्टोबर, बुधवार

फानआजोबांनी नवा तवा आणला. माझ्यासमोर कागद फाडला. सुनेने हात कोपरापर्यंत धुतले, मी न सांगता. तेल मी नेलेलं. आजोबा खुर्चीतून सांगत होते — हलका हात, हलका, पोराला थोपटतेस तसा! पापुद्रे चरबीसारखे सुटले नाहीत. जरा जाडच. पण गुलाबाचा वास आला. नुसता गुलाबाचा. सून माझ्या तोंडाकडे बघत होती. "झालं ना, ताई?" झालं, म्हटलं. तिने माझे पाय धरायचेच बाकी ठेवले होते. मला तिच्याकडे बघवेना. तिने निदान पहिल्या फटक्यात कबूल तरी केलं.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

जावई येऊन डबे घेऊन गेला. गोरा, गुबगुबीत, लाजाळू माणूस. डबे पिशवीत भरता भरता थांबला. "मावशींनी सांगितलंय, तुमच्यासमोर एक उघडायचा. तुम्ही वास घ्यायचा. तुम्ही हो म्हटलं की झालं."

घेतला. हो म्हटलं.

मग खिशातून रुमालात बांधलेलं काहीतरी काढलं. हाजीकाकांची जपमाळ. काळे मणी, एक फुटका. "घरात मुलगे, पुतणे सगळेच मागत होते. मावशी म्हणाल्या, ही मुलीची."

मी नको म्हटलं. त्याने माझ्या तळहातावर ठेवून बोटं मिटवली. परका पुरुष असूनही. मग गोंधळून शंभरदा माफी मागितली.

गुइहुआ गळून गेली. रस्त्यावर नुसता तपकिरी चिखल.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार

जुम्म्याला आहोंग भेटले. "हलकं वाटतंय ना आता?" मान हलवली. मी मान हलवली की लोक विश्वास ठेवतात.

जपमाळ हातात धरवत नाही. ड्रॉवरमध्ये ठेवलीय, पिवळ्या घासणीच्या न फोडलेल्या पाकिटाशेजारी.

३१ ऑक्टोबर, बुधवार

आज चाळिसावा. तिकडे दुवा मागून झाली असेल, डबे उघडले असतील.

मला सर्दी नव्हती. झाकण काढलं तसा चरबीचा वास आला होता — पहिला तुकडा मोडायच्या आधी. पण काकांनी तोंड उघडलं होतं.